चांदीच्या चहाला आलेली गोडी

४ ऑगस्ट

बाळ,

साठी ओलांडलेल्या माणसाला मी अजून बाळ म्हणते म्हणून तुझी सून हसते, असं तू मागे लिहिलं होतंस. हसू दे. तुझं नाक मी पुसलंय, तिने नाही.

पार्सल सांभाळून उघड. पेटीत भुसा आहे, भुशात चादरीचा तुकडा, आणि त्यात तुझ्या निवृत्तीची भेट: चांदीची चहादाणी. शंभर वर्षांची तरी असेल. जन्मभर वखारीत लोकांचा चहा चाखलास आणि थुंकलास, आता स्वतःचा चहा करून गिळायला लाग.

जुन्या वस्तूंच्या दुकानदाराशी तासभर हुज्जत घातली. तो एकच पालुपद धरून होता, "बाई, ही कपाटात ठेवायची वस्तू आहे, चहा करायची नाही." आपला माल कुणी वापरतंय हे या लोकांना बघवत नाही. मी म्हटलं, माझा भाऊ चहा चाखणारा आहे, कपाट चाखणारा नाही. मग त्याने बांधून दिली.

तुझी अक्का

१७ ऑगस्ट

अक्का,

नमस्कार आधी, तक्रार मागून. इतकं भारी काही पाठवायला नको होतंस. झाली तक्रार.

आता चहादाणीबद्दल. वखारीत आम्ही पांढऱ्या चिनीमातीच्या वाट्यांतून चाखायचो, कारण पांढऱ्यावर मालाचे दोष लपत नाहीत. पण दोष शोधणं वेगळं आणि चहा पिणं वेगळं, हे मला या वयात कळतंय. चिनीमातीतला दुसरा पेला म्हणजे कोमट पाणी. ही चहादाणी आधी कढत पाण्याने विसळून घेतली की तिसरा पेलाही ओठ भाजतो. चांदी स्वतःचं काही मध्ये घालत नाही. पान कसं आहे ते सांगते आणि बाजूला होते. तोटी अशी बेतलेली की धार थांबवली की थांबते, एक थेंब ओघळत नाही. मुठीत हाडाच्या दोन चकत्या बसवल्यात, त्यामुळे भांडं तापलं तरी मूठ गार राहते. पोटावर कुणाची तरी अक्षरं कोरलेली होती, ती कुणीतरी घासून काढलीत, पण बोट फिरवलं की लागतात. आत तोटीच्या मुळाशी करड्या रंगाचं ठिगळ आहे, अंगठ्याएवढं. शंभर वर्षं जगलो तर आपल्यालाही ठिगळं लागतील.

माझा नेम असा. संध्याकाळी चहा करतो, त्यातच लिंबाची फोड टाकतो. उरलेला तसाच रात्रभर ठेवतो आणि सकाळी अनशापोटी गार पितो. चाखणाऱ्यांची ही जुनी खोड आहे, शिळा चहा पानाची लबाडी उघडी पाडतो. आणि अक्का, रात्रभर चांदीत राहिलेल्या चहाला एक गोडसर अंग येतं. साखर नाही, मध नाही, जिभेच्या टोकावर नुसती गोडी. इतक्या वर्षांत हे अंग मला एकाही वाटीत भेटलं नव्हतं. वखारीतल्या लोकांना सांगितलं असतं तर म्हातारा चळला म्हणाले असते.

मुलगा बोटीवरून रजेवर आलाय, तो कॉफी पितो. सूनबाईला चहाचा वाससुद्धा सोसत नाही. काल ती चौकातल्या औषधांच्या दुकानातून आली आणि चहादाणीत साबण घालून ब्रश फिरवायला निघाली. मी ओरडलोच. आतून साबण लावायचा नाही, हा आता या घरचा कायदा आहे.

बाळ

२ सप्टेंबर

बाळ,

तुझं पत्र वाचून पैसे वसूल झाले. मला तर चहा म्हणजे गरम आणि गोड, एवढंच कळतं.

इकडची बातमी एकच. बाजाराच्या पायरीवरून घसरले आणि पाय मोडला. प्लास्टर घातलंय. शेजारीण दोन्ही वेळचं आणून देते आणि प्रत्येक वेळी माझी तब्येत नाही, तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगते. घरोघरी मातीच्या चुली.

मुलगा गेला की घरात तू आणि ती, दोघंच. ती औषधांच्या दुकानात दिवसभर असते, कुठल्या बाटलीत काय हे तिला पाठ असणार. मी काही म्हणत नाही. पण घर अजून तुझ्या नावावर आहे ना, तसंच राहू दे.

अक्का

२९ सप्टेंबर

अक्का,

मुलगा बोटीवर गेला. तो गेल्यापासून माझं पोट बिघडलं. कळ येते ती पिळून काढते, आणि शौचाला तीन तीन दिवस होत नाही. झोप उडाली. तोंड सदा कडू. जेवणाचा वास आला की उठून जावंसं वाटतं.

सूनबाई सकाळ-संध्याकाळ सूप करते आणि समोर उभी राहते, प्यायल्याशिवाय हलत नाही. "बाबा, दोन घोट तरी." काल मी वाडगा ढकलून दिला, भिंतीवर गेला. मी कधी कुणावर हात उगारलेला माणूस नाही, तुला ठाऊक आहे. ती काही बोलली नाही, फडकं आणून पुसत बसली. तिच्या त्या न बोलण्याचाच मला राग येतो.

पोटात ठरतो तो फक्त माझा चहा, कारण तो मी माझ्या हाताने करतो. आता दिवसातून चार वेळा करतो. बाकी सगळं तिच्या हातचं. आणि सगळ्याने मी आजारी पडतो.

तू घराचं लिहिलं होतंस. मुलाने जाताना खरंच विचारलं होतं, "कागद तुमच्या डोळ्यांदेखत करून टाकूया का?" तेव्हा मला काही वाटलं नाही.

बाळ

६ ऑक्टोबर

बाळ,

तुझं पत्र वाचलं आणि अंगावर काटा आला. तूच लिहिलंयस, तुझ्या हातचं सोसतं आणि तिच्या हातचं सोसत नाही. आता मी वेगळं काय सांगू?

चांदी विष ओळखते. जुनी माणसं उगाच नाही चांदीच्या भांड्यांतून प्यायची. विष लागलं की चांदी काळी पडते. चहादाणी उजेडात धर आणि आत बघ. तू चहा करून बाहेर जातोस, झोपतोस, तेव्हा झाकण कोण उचलतं?

तिच्या हातचं काही खाऊ नकोस. ब्रेड आण, केळी आण, दिवस काढ. माझा पाय धड असता तर मीच येऊन बसले असते तुझ्या उशाशी. आईला जाताना मी शब्द दिला होता, बाळाकडे बघेन म्हणून.

अक्का

२१ ऑक्टोबर

अक्का,

आतून काळी आहे. खिडकीत धरून पाहिली. तळ काळा, तोटीच्या मुळाशी तर काजळी धरल्यासारखी.

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, चहाचा राप आहे तो. तुम्ही साबण लावू देत नाही." म्हणजे उत्तर तयार होतं. मी तुझी पत्रं तिच्यापुढे टाकली. तिने ती उभ्याउभ्या वाचली, घडी घालून ठेवली आणि म्हणाली, "हे आत्याबाईंना वाटतं की तुम्हाला?" मी म्हटलं, मला. संध्याकाळी ती बॅग घेऊन माहेरी गेली. मी दारापर्यंतही गेलो नाही.

फोन काढून टाकला. ती आणि मुलगा त्यावर माझ्याबद्दलच बोलत असणार. तसंही मला त्यातलं धड ऐकू येत नाही.

आता घरात मी आणि चहा. उजवं मनगट जरा लुळं पडल्यासारखं वाटतं, काल पेला सुटला. थंडीने असेल.

बाळ

३ डिसेंबर

बाळ,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. हे पत्र मात्र उभ्याउभ्या वाच आणि लगेच ऊठ.

चहादाणीत चहा करू नकोस. केला असशील तर ओतून दे. आजच.

पायाचं प्लास्टर निघालं, म्हणून काठी घेऊन बाजारात गेले. तुझ्या चहादाणीला जोडीचं दुधाचं भांडं मिळतं का बघायला. दुकानदाराने विचारलं, "चहादाणी कपाटात छान दिसते ना?" मी म्हटलं, कपाटात कशाला, भाऊ दिवसातून चारदा चहा करतो. त्याने हातातली वस्तू खाली ठेवली. आतलं ते करडं ठिगळ शिशाचं आहे. आधीच्या कुणा मालकाने भोक पडलं तेव्हा स्वस्तात बुजवून घेतलं. नुसत्या पाण्यानेही शिसं सुटतं, लिंबाने तर भराभर सुटतं, रात्रभर ठेवलं तर विचारूच नको. मी त्याला तुझ्या गोडीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "बाई, ती गोडी शिशाची."

पोटातली कळ, तुंबणं, झोप उडणं, उगाच चिडणं, मनगट लुळं पडणं, सगळं मी त्याला सांगत गेले आणि तो मान हलवत गेला. आणि म्हणे चांदी काळी पडते. शिशाने नाही पडत. चहाने पडते.

म्हणजे तिचा काही दोष नव्हता. साप साप म्हणून मी भुई धोपटली, आणि साप मीच भुशात घालून पाठवला होता. तिला बोलावून घे, पाया पड, काहीही कर. पण आधी डॉक्टरकडे जा आणि रक्त तपासून घे.

तुझी अक्का

८ डिसेंबर

अक्का,

तुझं हे पाकीट न उघडताच परत पाठवतो आहे, सोबत आहे बघ. आधीची दोन्हीही फोडली नाहीत. तुझ्या मायेबद्दल शंका नाही, पण तुझी पत्रं वाचून मी जसा वागलो, ते मला आता माझ्या घरात नको.

ती गेल्यावर मी तिच्या हातचं कणभर खाल्लं नाही, तरी दुखणं वाढतच गेलं. मग डोक्यात उजेड पडला. घरात नसलेली बाई विष कसं घालील? दुखणं माझं आहे, वयाचं आहे, आणि मी ते एका पोरीच्या माथी मारलं. त्यातच मुलाचं पत्र आलं की तिला दिवस गेलेत. मी त्याच दिवशी माहेरी जाऊन तिच्यापुढे हात जोडले. तिच्या आईने मला पाणीसुद्धा विचारलं नाही, बरोबरच केलं. सूनबाई मात्र बॅग घेऊन निघाली. वाटेत म्हणाली, "बाबा, तुम्ही किती वाळलात." मला बसमध्ये रडू आलं. मी तुझी जुनी पत्रं जाळली.

आता रोज संध्याकाळी मी माझ्या हाताने तिला चहा देतो. तिला चहा आवडत नाही हे ठाऊक आहे, पण नको म्हणत नाही. पहिल्या दिवशी तिने पेला दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्याकडे बघत संपवला. एवढं झाल्यावर माझ्या हातचं निर्धास्त प्यायली, मला आणखी काय हवं? आता सकाळचा गार चहाही अर्धा अर्धा घेतो. गोडी तिलाही कळते. तिचं पोट हल्ली दुखतं, पण अशा दिवसांत व्हायचंच.

मूल झालं की मी स्वतः कळवीन. तोवर लिहू नकोस.

बाळ

१३ डिसेंबर

सूनबाई,

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. पत्ता म्हणजे 'चौकातलं औषधांचं दुकान', कारण दुकानाचं नाव मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. नाव माहीत असतं तर फोन केला असता.

त्या चहादाणीतला चहा घेऊ नकोस. सोबत बाळाने न फोडता परत केलेलं माझं पत्र आहे, त्यात सगळं आहे, आधी ते वाच.

तू माझ्यावर विश्वास का ठेवावास, हे मला सांगता येत नाही. तू विष घालतेस असं ज्या हाताने लिहिलं, त्याच हाताने हे लिहिते आहे. माझं खरं मानू नकोस, पण दुकानात येणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचार. मला तुझ्यापुढे माझी लाज वाटते, आणि त्याहून जास्त भीती वाटते. मी निघाले असते, पण दोन गाड्या बदलून हा पाय पोचेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. तरी तू ये म्हणालीस तर येईन.

तुझी आत्या

९ जानेवारी

आत्याबाई,

नमस्कार. पत्र मिळालं. दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यावर बसून दोन्ही वाचली. राग आला होता. पण पोट माझं आहे, आणि रुसून बसायला मला वेळ नव्हता. त्याच दिवशी रक्त दिलं. साखर बघायची असं सांगून बाबांचंही घेतलं.

दोघांच्या रक्तात शिसं निघालं. बाबांच्या फार, माझ्या त्यामानाने कमी. पोटातल्याचं काय, ते डॉक्टर सांगत नाहीत. मी पुन्हा विचारलं तर म्हणाले, "आता यापुढे जाऊ द्यायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे."

चहादाणी तपासायला पाठवली. बाबांना खरं सांगायला गेले होते. ते दोन पेले पुढे ठेवून बसले होते. म्हणाले, "सूनबाई, जन्मभर मी लोकांसाठी चहा चाखला, पाजला फक्त तुला." त्यांच्या हातून त्यांच्या नातवंडाला काय गेलं, हे मी त्या तोंडाकडे बघून कसं सांगू? मुठीची चकती सैल झाली म्हणून दुरुस्तीला टाकली, असं सांगून मोकळी झाले.

ते खोटं चार दिवससुद्धा टिकलं नाही. बाबा काठी टेकत दुरुस्तीवाल्याकडे गेले, तिथे चहादाणी नव्हती. तसेच घरी परत आले. आधी ओरडायचे तेव्हा बरं वाटायचं. आता नुसते माझ्या हातांकडे बघत राहतात. जेवण पुन्हा बंद, ब्रेड स्वतः आणतात. डॉक्टरांनी शिसं उतरायच्या गोळ्या दिल्या, त्या मी शक्तीच्या म्हणून हातावर ठेवल्या. त्यांनी माझ्यादेखत मोरीत टाकल्या. आता मी खरं सांगितलं तर त्यांना ते पटणार नाही. आणि पटलं, तर ते पुढे जगतील असं मला वाटत नाही. तुमच्या भाच्याला, म्हणजे यांना, लिहिलंय, पण बोट बंदराला लागेपर्यंत पत्र पोचत नाही.

चहा मात्र त्यांना माझ्याकडूनच घ्यावा लागतो. दोन्ही मनगटं लुळी पडलीत, कढत पाणी ओतता येत नाही. साध्या चिनीमातीच्या चहादाणीत करते, ते शेजारी उभे राहून पहारा देतात. म्हणून गोळीची पूड मी दुपारीच, चहात घालायच्या लिंबाच्या रसात मिसळून ठेवते. आत्याबाई, तुम्ही ज्याचा संशय घेतला होता, ते मी आता रोज करते. तुमच्या भावाच्या चहात काहीतरी घालते.

दहा दिवस ते प्याले. कळ कमी झाली, एक रात्र झोपलेसुद्धा. काल पेला उचलला आणि हुंगत राहिले. जीभ गेली असेल, चाखणाऱ्याचं नाक गेलेलं नाही. पेला खाली ठेवला, माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "आधी तू पी."

त्या गोळ्या गरोदर बाईला चालत नाहीत. डबीवर तसं छापलेलं असतं, गिऱ्हाइकांना मीच वाचून दाखवते. नको म्हटलं असतं तर त्यांनी चहा ओतून दिला असता, आणि यापुढे माझ्या हातचं पाणीही घेतलं नसतं. मी अर्धा पेला प्याले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, माझ्या चेहऱ्याकडे बघत. मग उरलेला संपवला आणि म्हणाले, "रोज असंच करत जाऊ."

तुम्ही येऊ नका. तुमचं नाव काढलं की ते उठून आत जातात. काय करायचं ते सुचलं तर दुकानाच्या पत्त्यावर लिहा. आजची संध्याकाळ माझी मलाच निभवायची आहे.

तुमची सून